इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी

इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी : ज्या परदेशी नागरिकांना पर्यटन, आप्तांची भेट किंवा कामकाजाच्या बैठका अशा थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, त्यांनी निघण्यापूर्वी यजमान देशाकडून ऑनलाइन घ्यायची पूर्वसंमती. पासपोर्टवर तिचा शिक्का उमटत नाही. ती पासपोर्टच्या क्रमांकाशी जोडलेली संगणकीय नोंद असते, म्हणून पासपोर्ट बदलला की परवानगीही नव्याने घ्यावी लागते. कायद्याच्या दृष्टीने ती व्हिसा नव्हे आणि प्रवेशाची हमीही नव्हे, कारण प्रवेश द्यायचा की नाही हे शेवटी सीमेवरील अधिकारीच ठरवतो.

व्हिसामाफी असलेला प्रवासी दारात येऊन उभा राहीपर्यंत त्याच्याविषयी यजमान देशाला फारसे काही ठाऊक नसे. ही उणीव भरून काढणारी व्यवस्था ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये सुरू केली. तिचा प्रसार मात्र ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर झाला. त्या हल्ल्यांच्या चौकशी आयोगाच्या शिफारशींवर आधारित २००७ च्या कायद्यानुसार अमेरिकेने ‘एस्टा’ आणली व १२ जानेवारी २००९ पासून ती सक्तीची केली. पुढे कॅनडा (२०१६), न्यूझीलंड (२०१९) आणि दक्षिण कोरिया (२०२१) यांनी तोच मार्ग धरला. ब्रिटनने २०२३ मध्ये कतारच्या नागरिकांपासून सुरुवात करून एप्रिल २०२५ पर्यंत युरोपीयांनाही या नियमाखाली आणले. युरोपीय संघाच्या ‘ईटियास’ या योजनेचा कायदा २०१८ चा आहे.

अर्जात पासपोर्टचा तपशील, नोकरी, पूर्वीचे गुन्हे, आधी नाकारलेला व्हिसा अशी माहिती द्यावी लागते, आणि ती सुरक्षा यंत्रणांच्या याद्यांशी ताडून पाहिली जाते. बहुतेक अर्ज काही मिनिटांत मंजूर होतात. शंका आलेले अर्ज अधिकाऱ्याकडे जात असल्याने त्यांना दिवस लागू शकतात. खरी तपासणी विमानतळावरील चेक-इन खिडकीवर होते. कर्मचारी पासपोर्ट यंत्राखाली धरतो, यजमान देशाच्या प्रणालीकडून उत्तर येते आणि ते नकारार्थी असल्यास बोर्डिंग पास निघत नाही. अर्ज भरताना पासपोर्ट क्रमांकातील शून्याच्या जागी ‘ओ’ हे अक्षर टाकले गेले, तर मंजूर परवानगीही त्या खिडकीपाशी सापडत नाही.

परवानगीची मुदत आणि मुक्कामाची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांची गल्लत फार महागात पडते. एस्टा साधारणपणे दोन वर्षे चालते, पण एका वेळचा मुक्काम ९० दिवसांपलीकडे नेता येत नाही व तो सहसा वाढवूनही मिळत नाही. मध्येच कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन आल्याने मोजणी सामान्यतः पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होत नाही. कॅनडाची परवानगी पाच वर्षांची असते, तर मुक्काम बहुधा सहा महिन्यांपर्यंतचा. शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसांतील सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या समूहातील, हिशेब अधिक किचकट आहे. तेथे कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागील १८० दिवस मोजावे लागतात. आगमनाचा आणि प्रस्थानाचा दिवसही त्यात धरतात.

प्रवासाच्या मार्गानुसारही नियम बदलतात. कॅनडात ही अट विमानाने येणाऱ्यांपुरती आहे. अमेरिकेने ऑक्टोबर २०२२ पासून ती जमिनीवरील सीमेलाही लावली. या दोन्ही देशांत केवळ विमान बदलण्यासाठी उतरणाऱ्या व्हिसामुक्त प्रवाशालाही सामान्यतः परवानगी लागते.

अर्ज नाकारला गेला तरी तो देश कायमचा बंद होत नाही, मात्र मग रीतसर व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया यांसारख्या ठरावीक देशांत जाऊन आलेल्यांना, काही शासकीय व लष्करी अपवाद वगळता, अमेरिका एस्टा देत नाही. त्यांना दूतावासातील मुलाखतीचा जुना मार्गच धरावा लागतो.