चाळिशी लागली त्यात स्नायूचा काय दोष?

आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला. "डोळ्याचे स्नायू कमजोर झाले की चष्मा लागतो, रोज डोळे गोल फिरवा, २१ दिवसांत चाळिशी सुटेल." खाली बऱ्याच जणांनी हात जोडून ठेवले. मला प्लस दीडचा नंबर लागून चार महिने झाले, आणि या भानगडीत स्नायू बिचारा निर्दोष आहे हे कोणीतरी सांगायला पाहिजे ना बावा.

डोळ्यातलं भिंग एका गोल स्नायूच्या मधोमध बारीक तंतूंनी टांगलेलं असतं. आपल्याला वाटतं जवळचं पाहताना हा स्नायू भिंगाला ओढत असेल. नेमकं उलटं आहे! उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया टाकायच्या आधी आई आम्हा पोरांना धोतर चारही बाजूंनी धरायला लावायची. आता त्या धोतराच्या मधोमध पाणी भरलेला फुगा शिवलाय असं समजा. सगळे मागे सरकले की धोतर ताणलं, फुगा चपटा. सगळे एकेक पाऊल आत आले की धोतर ढिलं आणि फुगा आपोआप गोल. स्नायू आकसतो तेव्हा त्याचं वर्तुळ लहान होतं, म्हणजे पोरं आत येतात, तंतू ढिले पडतात, भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. दूर पाहताना स्नायू सैल, तंतू ताठ, भिंग चपटं. हे गणित हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८५५ मध्ये मांडलं. म्हणजे पाहा, स्नायू भिंगाला फक्त मोकळं सोडतो, गोल व्हायचं काम भिंगालाच करावं लागतं.

आणि भिंगच कडक होत जातं. कातडीच्या जुन्या पेशी झडतात, भिंगाच्या झडत नाहीत, बाहेरून नवे थर चढत राहतात, कांद्यासारखे. मधला गाभा तर आईच्या पोटात असतानाचा, त्यातलं प्रोटीन तेव्हापासून तेच, बदली नाही की दुरुस्ती नाही. ताजी संत्रा बर्फी बोटानं दबते, आठ दिवस उघडी राहिलेली दबते का? पन्नाशीतही स्नायू इमानदारीत आकसून राहिला असतो, एमआरआयमध्ये ते दिसलंय, पण भिंग हलायला तयार नाही. मग व्यायाम कोणाला देता?

थोडा हिशेब. डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या ताकदीचं माप, चष्म्याचा नंबर त्यातच असतो; काढायला एकला मीटरमधल्या अंतरानं भागायचं. ४० सेंटिमीटरवर पेपर धरला तर अडीच डायॉप्टर लागतात. भिंग फुगवून दहा वर्षांच्या पोराला चौदाच्या आसपास मिळतात, पन्नाशीत उरतात दोनेक, आणि तेही सगळे लावून वाचत बसलं की डोकं चढतं. उरलेलं चष्मा भरून देतो. पण प्लस दीड लावून ६७ सेंटिमीटरच्या पलीकडचं धूसरच दिसणार, एक भागिले दीड करून पाहा. पहिल्या आठवड्यात मी चष्मा नाकावर ठेवूनच जिना उतरलो आणि शेवटची पायरी चुकलो, तर घरचे म्हणे चष्म्यानं नजर बिघडली. बिघडली नाही हो, काढायला विसरलो. नंबर पुढे वाढेलच, पण तो वयानं, चष्म्याच्या सवयीनं नाही. मायनसवाले वाचताना चष्मा काढतात आणि आपली चाळिशी टळली म्हणून मिरवतात, तेही खरं नाही, लपली आहे फक्त.

एक गंमत मात्र खरी. मे महिन्यातल्या आपल्या नागपुरी उन्हात गेटपाशी उभं राहून मी पेपर बिना चष्म्याचा वाचतो, रात्री ट्यूबलाइटखाली तोच पेपर जमत नाही. उन्हात बाहुली बारीक होते, छिद्र जितकं लहान तितका धूसरपणा कमी. २०२१ मध्ये अमेरिकेत चाळिशीसाठी मंजूर झालेले पिलोकार्पिन या औषधाचे डोळ्यात टाकायचे थेंब हेच करतात, काही तास बाहुली बारीक ठेवतात, भिंग मऊ बिऊ काही करत नाहीत, आणि अंधारात दिसायचा त्रास वेगळाच. २०२४ मध्ये आपल्याकडेही अशा थेंबांना परवानगी मिळाली, लगेच 'चष्म्याला कायमची सुट्टी' छापाच्या बातम्या आल्या आणि त्या प्रचारामुळेच काही दिवसांत परवानगी थांबवली गेली.

छिद्राची युक्ती फुकट आहे. मूठ वळायची, बोटांमध्ये सुईएवढी फट ठेवायची आणि डोळ्याला लावून वाचायचं. इतवारीत चष्मा विसरून गेलो तेव्हा पुड्यावरची किंमत मी अशीच वाचली. दुकानदार म्हणाला, "काय पाहून राहिले भाऊ?" मी सांगितलं. त्यानं आपला चष्मा कपाळावर सरकवला आणि मूठ डोळ्याला लावून उधारीची वही उघडली.