माळ्यावर काय ठेवायचं? बडोद्याच्या घरांमागचे दोन धोके

जुलै लागला की बडोद्यातल्या मराठी घरांत फोनवर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "आजवा किती झालं?" आजवा म्हणजे शहराचा तलाव; उत्तर फुटांत येतं. पाठोपाठ काळ्या घोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री नदी किती चढली, तो आकडा. दांडिया बाजारातली काकू हे दोन आकडे ऐकून सांगू शकते की रात्री गाड्या हलवायच्या की निवांत झोपायचं.

भूकंपाबद्दल असं कुणी कुणाला विचारत नाही. विचारून उपयोगही नाही. जमीन कधी हलणार ते मोजायला काळ्या घोड्याचा पूल नाही. त्यामुळे झालं असं की आमच्या घरांची सगळी तयारी पाण्याने शिकवलेली आहे, आणि पाण्याने शिकवलेली बरीचशी गोष्ट भूकंपात नेमकी उलटी पडते. हे कसं घडत गेलं ते बघायचं तर दोन्हीकडचा इतिहास थोडा उलगडावा लागतो.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून उतरते, शहराच्या मधून वेटोळी घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. एरवी ती एवढीशी दिसते की पाहुण्यांना नदी म्हणून दाखवायला संकोच वाटावा. त्यांना मगरीच दाखवाव्या लागतात. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी शहराला पिण्याचं पाणी मिळावं म्हणून पूर्वेला आजव्याचा तलाव बांधवला, तो १८९२ मध्ये पुरा झाला. सयाजी सरोवर हे त्याचं कागदावरचं नाव. घरात कुणी ते वापरत नाही. तलावाने तहान भागवली, पण तो भरला की जास्तीचं पाणी विश्वामित्रीतच येतं. म्हणून नळाचं पाणी आणि पुराची धास्ती, दोन्हींचं नाव बडोद्यात आजवाच.

जुलै १९२७ मध्ये गुजरातेत अतिवृष्टीने प्रलय झाला. ११ ऑगस्ट १९७९ ला मोरबीत मच्छू-२ हे धरण फुटलं आणि हजारो माणसं गेली. तेव्हापासून दर मोठ्या पुरात "आजवा फुटलं" ही कुजबुज कुठून तरी उठतेच. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला. प्लास्टिकच्या टबात बाळ ठेवून तो टब डोक्यावर घेऊन छातीच्या वर पाण्यातून चालणारा पोलीस सगळ्या देशाने पाहिला, तो इथलाच. २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमारास नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याच्या खुणेच्या जवळजवळ दहा फूट वर. त्या पुरात पाणी ओसरल्यावर चिखलातून मगरी उचलून न्याव्या लागल्या.

यातून घर काय शिकलं? वर चढवा. फ्रिजखाली विटा, इन्व्हर्टर भिंतीवरच्या फळीवर, कागदपत्रांची पेटी माळ्यावर. वर्षाचे गहू एरंडेल चोळून ठेवलेली पत्र्याची कोठी दोघांनी धरून उचलायची आणि वर सारायची. तिथेच आजीचे पितळी हंडे, मुंजीतलं घंगाळ, न वाजणारा पण न टाकवणारा रेडिओ. बडोद्याच्या मराठी घराचा माळा म्हणजे अर्धा संसार. आणि नव्या इमारतींनी हाच धडा मोठ्या मापात गिरवला: तळमजल्यावर राहायचंच नाही. खाली नुसते खांब, त्यात पार्किंग, वरती घरं. पूर आला तर स्कूटर बुडेल, माणूस नाही. पुराच्या हिशेबाने हे चोख आहे.

आता दुसरी बाजू.

१६ जून १८१९ ला कच्छात मोठा भूकंप झाला. रणात जमिनीचा पट्टा उचलला जाऊन लांबच लांब बांध तयार झाला, त्याला लोकांनी 'अल्लाहबंद' नाव दिलं. पार अहमदाबादेत जामा मशिदीच्या झुलत्या मिनारांचे वरचे भाग कोसळले. बडोद्याच्या गादीवर तेव्हा आनंदराव गायकवाड होते, त्यांच्या आयुष्याचे शेवटचे महिने. पुढे २१ जुलै १९५६ ला अंजार हललं, शंभराहून अधिक माणसं गेली. हे सगळं कच्छातलं, लांबचं.

जवळचं मात्र कुणाला आठवत नाही. २३ मार्च १९७० ला भरूच हललं. बडोद्याहून भरूच म्हणजे रेल्वेने तासाभराचा रस्ता, लोक रोज नोकरीला जातात-येतात. तीव्रता साधारण ५.४, म्हणजे भूकंपाच्या हिशेबात मध्यम, तरी पंचवीसेक माणसं दगावली. हा भूकंप कच्छाचा नाही, नर्मदेच्या खोऱ्याचा. नर्मदा आणि सोन यांच्या रेषेत भूगर्भात जुना कमकुवत पट्टा आहे, तो अधूनमधून हालचाल करतो: १९३८ मध्ये सातपुड्यात, १९७० मध्ये भरूचला, २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला. बडोदे या पट्ट्याच्या उत्तरेला बसलेलं शहर आहे. आम्ही मात्र भूकंप म्हटलं की भुज म्हणतो.

त्याला कारणही आहे. २६ जानेवारी २००१, सकाळी ८ वाजून ४६ मिनिटं. शाळांत झेंडावंदनं चाललेली. आमच्या जुन्या घरात आधी भांडी किणकिणली, मग कड्या-तुळया बोटीसारख्या करकरल्या. आजोबा देवघरातून उठलेच नाहीत, "थांबेल" म्हणाले. थांबलं. केंद्र भचाऊजवळ होतं, तीव्रता ७.७. सरकारी मोजणीप्रमाणे १३,८०५ माणसं गेली. बडोद्याला हादरा बसला, पण शहर बचावलं. अहमदाबाद बचावलं नाही. केंद्रापासून दोनशे किलोमीटरच्या वर असूनही तिथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेच्या वर माणसं मेली.

त्या इमारती का पडल्या, हा खरं तर आमच्या कामाचा प्रश्न. नदीच्या गाळाची खोल, मऊ जमीन लांबून आलेल्या संथ लाटा वाढवते. आणि पडलेल्यांपैकी पुष्कळ इमारतींचा तळमजला पार्किंगचा होता. वरच्या मजल्यांवर खांबांच्या मधे विटांच्या भिंती असतात, त्यामुळे ते मजले एखाद्या पेटीसारखे ताठ राहतात. खाली भिंती नाहीत, नुसते पाय. जमीन सरकते तेव्हा सगळी वाकण्याची कसरत त्या पायांना करावी लागते. वर गच्चीत पाण्याची टाकी, कुठे हौसेने बांधलेली जास्तीची खोली, म्हणजे डोक्यावरही ओझं. बडोद्याखालची जमीनही गाळाचीच आहे. पुरापासून आम्हाला वाचवणारा तोच उघडा तळमजला भूकंपात इमारतीचा सगळ्यात कमकुवत मजला ठरतो.

मग नियम काय करत होते? नियम बहुधा भूकंपाच्या मागून आले. देशाच्या भूकंपप्रवण विभागांचा नकाशा १९६२ च्या मानकात आला. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हलली, तेव्हा १९७० मध्ये नकाशा बदलला. किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपले असताना, तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. २००२ च्या नकाशात तो पहिला, 'सुरक्षित' विभागच काढून टाकला. बडोदे या नकाशात तिसऱ्या विभागात आहे, कच्छ पाचव्यात. तिसरा म्हणजे 'मध्यम'. अहमदाबादही तिसऱ्यातच होतं आणि आहे, हे मध्यम शब्द ऐकून सैलावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. भुजनंतर काही आठवड्यांतच गुजरातने आपत्ती व्यवस्थापनाचं प्राधिकरण उभं केलं आणि २००३ मध्ये त्यासाठी कायदा केला. केंद्राचा कायदा २००५ चा.

किल्लारीने मराठी माणसाला आणखी एक गोष्ट दाखवली होती. तिथे घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या मातीच्या माळवदाने. बडोद्यातले जुने वाडे त्या जातीचे नव्हेत. लाकडी खांब, त्यावर तुळया, मधे विटा: सांगाडा लाकडाचा असल्याने तो करकरतो, झुलतो, एकदम ढासळत नाही. आजोबांची खात्री त्यातून आली असावी. पण इथेच पाणी आणि भूकंप एकमेकांना भेटतात. खांबाच्या बुडाशी पुराचं पाणी चार वेळा साचलं, वाळवी लागली, की तोच खांब आतून भुसा होतो आणि वरून रंग छान दिसतो. वाड्यात राहणाऱ्यांनी दिवाळीच्या रंगकामाआधी खांबाच्या बुडाशी पेचकस टोचून बघावा. तो सहज आत गेला तर रंगाऱ्याच्या आधी सुताराला बोलवावं.

फ्लॅटमधल्या घरात तडजोड अशी निघते: वर जाऊ दे, पण हलकं. कागदपत्रं, औषधं, टॉर्च, सुके खाणे माळ्यावर चालतील; पितळ आणि गव्हाची कोठी नाही, निदान पलंगाच्या डोक्यावरच्या माळ्यावर तर नाहीच. कोठीला जमिनीपासून दोन फुटांचा पक्का ओटा पुरतो. कपाट भिंतीला एल-पट्टीने जखडायचं, हे काम तासाभराचं. इन्व्हर्टरची फळी भिंतीत नीट बोल्ट केलेली आहे ना, हे बसवणाऱ्याला विचारावं. बॅटरीचं वजन उचलून बघितलं की प्रश्न का विचारायचा ते कळतं. जमीन हलायला लागली तर जिन्याकडे पळायचं नाही, मजबूत टेबलाखाली बसायचं. पुरात मात्र निघायला सांगितलं की निघायचं. मुलांना हे दोन वेगळे धडे वेगळेच शिकवावे लागतात, नाहीतर ती दोन्ही वेळा माळ्यावर चढतील.

खांबांचं काम एकट्या घराचं नाही, सोसायटीचं आहे. पार्किंगमधल्या कॉलमना बाहेरून सळई आणि काँक्रीटचं जॅकेट चढवता येतं, किंवा निवडक खांबांच्या मधे भिंती घालून खालचा मजला ताठ करता येतो. आमच्या सोसायटीच्या बैठकीत २०२४ च्या पुरानंतर हा विषय निघाला. इंजिनिअरने खाली फिरून चार जागा खडूने खुणावल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी विचारलं, या भिंती घातल्यावर किती गाड्या कमी लागतील. दोन, असं उत्तर आलं. कुणाच्या दोन, यावर पुढची तारीख पडली. खडूच्या खुणा एका पावसाळ्यात पुसट झाल्या आहेत.