सॉलिड मॉडेल म्हणजे जास्त अचूक? नाही हो!

रत्नागिरी, मालवणकडे जेटीची, साकवाची कामं करणाऱ्या पोरांकडून एकच ऐकतो, कॉम्प्युटरवर बांधकाम छोट्या तुकड्यांत (एलिमेंटमध्ये) तोडून तपासताना बीम एलिमेंट, म्हणजे तुळई नुसत्या रेषेने दाखवणं, हे ढोबळ काम, खरं उत्तर हवं तर सॉलिडच, म्हणजे पूर्ण घन आकारच करायचा. हे चूक आहे आणि वर्षानुवर्षं चालत आलंय.

साधं उदाहरण घ्या, आयएसएमबी 200 (200 मिमी खोलीचा आय आकाराचा स्टील बीम), एका टोकाला फिक्स, 3 मीटर बाहेर आलेला, टोकावर 5 किलोन्यूटन. हाताने पीएल क्यूब भागिले 3 ईआय (पी भार, एल लांबी, ई स्टीलचा ताठपणा, आय सेक्शनच्या आकाराचा ताठपणा) केलं की टोक साधारण 10 मिमी खाली येतं. बीमचा एकच एलिमेंट टाका, तेच येतं, कारण त्याच्या आत तेच गणित बसवलेलं असतं. आता तोच बीम सॉलिडमध्ये, चार नोडचे टेट्रा (चार कोपऱ्यांचे पिरॅमिडसारखे तुकडे), जाडीत एकच थर, तर डिफ्लेक्शन (वाकणं) बरंच कमी दिसतं, कारण तो एलिमेंट नीट वाकतच नाही, उगाच ताठ राहतो, आणि आपण खूश की सेक्शन पास झाला!

सॉलिड लागतं ते जोडावर, बेस प्लेट, गसेट (जोडाची पट्टी), बोल्टची भोकं, किंवा खाऱ्या हवेने वेब (बीमची मधली उभी पट्टी) एका जागी खाल्लाय तिथे. लांबी खोलीच्या दहापट किंवा जास्त असेल तर बाकी सगळं बिनधास्त बीमने करा, आखूड असेल तर टिमोशेंको बीम (कातरबलाने होणारं वाकणंही धरणारा) वापरा.