उतार, पुलिया आणि नाग नदी

नागपूर परिसरातल्या खडकांचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या पहिल्या मंडळींत स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप होते. शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटजवळ, रात्रीच्या वेळी घोड्यावरून पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. विदर्भातले ओढे असेच. मे महिन्यात घोटा भिजत नाही, आणि भादव्यात तोच ओढा घोड्यासकट स्वार घेऊन जातो.

म्हणून जुन्या वाटा वाटेल तिथून नदी ओलांडत नसत. पाणी उथळ हवं, हे झालंच. पण दोन्ही काठ पक्के हवेत, ही अट जास्त कडक. काळ्या मातीतली चिकणखनिजं पाणी शोषून फुगतात आणि गाडी आसापर्यंत रुतते. त्यामुळे पात्रात बेसाल्टची, म्हणजे काळ्या कातळाची, पाठ उघडी पडलेली किंवा गोटे-रेती साचलेली जागा बघून उतार, म्हणजे नदी पायी-गाडीने ओलांडायची जागा, ठरायचा. त्या रोखाने वाटा यायच्या, वाटांमागून दुकानं आणि वस्ती.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गोंड राजा बख्त बुलंद शाहने बारा खेडी जोडून नागपूर शहर वसवलं, पुढे भोसल्यांच्या काळात महाल हा भाग भरभराटीला आला. महाल नाग नदीच्या उत्तरेला, रेशीमबाग-सक्करदरा दक्षिणेला. 1867 मध्ये रेल्वे आली, सीताबर्डीचं महत्त्व वाढलं, आणि वर्धा रोडच्या बाजूने शहर दक्षिणेकडे सरकत गेलं. कन्हानकाठच्या कामठीची गोष्ट वेगळी; तिथे 1821 मध्ये छावणी बसली. कन्हान मोठी नदी, तिचा धाक राहिला. नाग मात्र लहान, म्हणून पुलियांवर पुलिया, म्हणजे लहान पूल, होत गेल्या आणि खाली नदी आहे हेच लोक विसरले.

पाणी विसरत नाही. एका चौरस किलोमीटरवर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख घनमीटर पाणी. शेतजमीन त्यातलं बरंचसं मुरवते. डांबर, फरशी आणि गच्च्या जवळजवळ सगळं, तेही झटपट, नाल्यात ढकलतात. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत असाच पाऊस कोसळला, नागेच्या वाटेवरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पंचशील चौकाजवळचा पूल खचला.

इथे पूल स्वतःच बांधासारखा वागतो. खांबाला आधी एखादी गादी अडकते, तिला जलपर्णी, मग पिशव्या आणि तुटलेल्या फांद्या. मोरी, म्हणजे पुलाखालची पाण्याची वाट, अर्धी बुजते, वरच्या बाजूला पाण्याची पातळी चढते. उरलेल्या फटीतून पाणी जोरात निसटतं. वेग दुप्पट झाला की त्याचा मारा चौपट होतो, आणि पुलाच्या पायाखालची माती खरवडून निघते. पूल वरून धडधाकट दिसतो, खाली पोकळी झालेली असते.

यावर उपाय म्हणून जो पूल खचला तोच मोठा करायचा, ही आपली सवय. माझ्या मते ती अर्धवट आहे. वरची मोरी रुंद केली की तेच पाणी पुढच्या अरुंद पुलावर लवकर आणि एकगठ्ठा पोचतं. खालच्या अंगाला असलेल्या नंदनवनकडच्या वस्त्यांना त्याची झळ आधी बसणार. काम खालून वर यायला हवं: शहराच्या पूर्वेला पिवळी नदी नागेला मिळते तिथून मोजणी सुरू करावी, आणि प्रत्येक पुलाखालून किती पाणी निघतं हे ठरवूनच वरच्या पुलाला हात लावावा.