पार्श्वभूमी : कृती समित्यांचे कोल्हापूर आणि पंचगंगेचा गुंता

पंचगंगा नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की 'सर्व घटकांनी एकत्र यावे' हे वाक्य हमखास येते. घटक कोण, असे विचारले की यादी लांबत जाते. कोल्हापूर आणि इचलकरंजी या दोन महापालिका, काठावरच्या ग्रामपंचायती, साखर कारखाने, कापड प्रक्रिया उद्योग, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पाटबंधारे खाते, जिल्हा परिषद. यांतला कुणीही एकटा नदी स्वच्छ करू शकत नाही आणि दोषही कुणा एकाचा नाही.

अशा प्रश्नांचा अभ्यास बराच जुना आहे. काही सामाजिक प्रश्न इतके गुंतलेले असतात की नेमका प्रश्न कोणता यावरच एकमत होत नाही, अशी मांडणी बर्कलीच्या होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ मध्ये केली. अमेरिकेतील सिनसिनाटीत २००६ पासून शाळा, विद्यापीठे, उद्योग आणि देणगीदार संस्था मुलांच्या शिक्षणासाठी एकत्र काम करू लागल्या. तो अनुभव समोर ठेवून जॉन कानिया आणि मार्क क्रेमर यांनी २०११ मध्ये पाच अटी सांगितल्या : एक उद्दिष्ट, मोजमापाची एकच पट्टी, परस्परपूरक कामे, सततचा संवाद आणि हे सगळे सांभाळणारी स्वतंत्र यंत्रणा. पुढे त्यावर टीकाही झाली. वरचे लोक ठरवतात आणि ज्यांच्यासाठी ठरवतात ते बैठकीत नसतात, हा त्यातला मुख्य आक्षेप. मला तो रास्त वाटतो.

कोल्हापूरकरांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. पावसाळ्यात बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायचे, पाऊस सरला की पुन्हा घालायचे, ही बंधाऱ्याची रीत 'कोल्हापूर पद्धत' म्हणून महाराष्ट्रभर गेली. अडवलेले पाणी उचलून शिवारात नेण्यासाठी गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या. पंप सामाईक, पाळी ठरलेली, पाणी सोडायला पाटकरी, आणि पाणीपट्टी किंवा कर्जाचा हप्ता ऊसबिलातून कापून घ्यायचा. म्हणजे शेतकरी, बँक, कारखाना आणि पाटबंधारे खाते एका साखळीत बांधलेले. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी स्पेन, फिलिपिन्स आणि नेपाळमधल्या अशाच पाणीव्यवस्थांचा अभ्यास केला आणि २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, ते मोडणाऱ्यावर आपसातच नजर ठेवली, तर सामाईक गोष्ट टिकते, हे त्यांनी दाखवले. पाटकऱ्याला हे नोबेलआधीच ठाऊक होते.

मात्र या साखळीची एक दुसरी बाजू आहे. सिनसिनाटीत वेगवेगळ्या क्षेत्रांतली माणसे मुद्दाम एकत्र आणावी लागली. आपल्याकडे ती आधीच एकत्र असतात. कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षणसंस्था आणि आमदारकी यांत तीच घराणी फिरून फिरून दिसतात. क्षेत्रे चार, खुर्च्या चार आणि बसणारा एकच असेल, तर सांडपाण्याबद्दल कारखान्याला जाब विचारणार कोण?

ती जागा इथे कृती समितीने भरून काढली. संस्थानी काळात १९३९ मध्ये स्थापन झालेली प्रजा परिषद, मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, यांतून पक्ष बाजूला ठेवून एका मागणीवर एकत्र येण्याची सवय शहराला लागली. तिचे अलीकडचे ठळक उदाहरण टोलविरोधी आंदोलनाचे. शहरातल्या रस्त्यांसाठी ३० वर्षे टोल भरायचा, हे कोल्हापूरकरांनी मान्य केले नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे डावे नेते, व्यापारी, रिक्षावाले, तालमी, गृहिणी, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष, सगळे एका झेंड्याखाली आले. निमंत्रकांना पगार नाही आणि समितीला कार्यालयही नाही. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. तो दिवस पाहायला पानसरे नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची हत्या झाली होती. कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ व्हावे, ही लढाई तर कित्येक दशके चालली. सहा जिल्ह्यांतले वकील तिच्यात होते आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झाले.

दोन्ही लढ्यांत मागणी एका ओळीत सांगता येत होती आणि ज्याच्याकडे मागायचे तो शहराबाहेर होता. नदीच्या बाबतीत तसे नाही. तिथे मोर्चा निघतो तो शेवटी आपल्याच नाल्यावर.

पुराचे उदाहरण याहून बोलके आहे. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा, ४३ वर धोका. हा आकडा सगळे मानतात : जिल्हाधिकारी, महापालिका, स्वयंसेवी बचाव पथके, आंबेवाडी-चिखलीचे गावकरी, जनावरे हलवणारा शेतकरी. राधानगरी धरणाचे आपोआप उघडणारे सात दरवाजे किती उघडले, हे पोरेसोरेही सांगतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले, २०२१ मध्ये पुन्हा. तरी दरम्यानच्या काळात कोणी केव्हा काय करायचे, याची घडी बरीच बसली होती.

जिल्ह्याची हद्द ओलांडली की मात्र ती सैल होते. कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणात पाणी ५१९.६० मीटरपर्यंत साठवले जाते आणि कर्नाटकला ते ५२४ मीटरच्या वर न्यायचे आहे. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीच्या अहवालाचा सूर पुराचे खापर अलमट्टीवर फोडता येत नाही असा होता, आणि तो कोल्हापूर-सांगलीत अनेकांना पटला नाही. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील धरणांच्या समन्वयासाठी बेंगळुरूला कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना भेटले. महिन्याभरात पूर आलाच. पण दोन राज्यांनी विसर्गाची माहिती वेळेवर एकमेकांना द्यायची, हे तेव्हापासून दर पावसाळ्यात बोलण्यात राहिले.

प्रदूषणाला असा आकडा नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी केली, कोल्हापुरात सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. तरीही इचलकरंजीच्या खाली तेरवाड बंधाऱ्यावर मृत माशांचा खच दिसला की शहर कारखान्यांकडे बोट दाखवते, कारखाने शहराकडे, आणि दोघेही काठावरच्या गावांकडे. पाण्याचे नमुने घेतले जातात, पण त्यांचे निकाल राजाराम बंधाऱ्याच्या फूट-इंचासारखे रोज सकाळी कुणाच्या मोबाईलवर येत नाहीत. आणि नदीच्या शेवटच्या टप्प्यावरच्या शिरोळ तालुक्यातल्या ज्यांना ते पाणी प्यावे लागते, ते बहुतेक बैठकांना निवेदन देण्यापुरतेच आत जातात.