दही, लसूण आणि योनीमार्गाचं आम्ल

अंगावरून पांढरं जातंय, खाज सुटलीये, लघवीच्या वेळी चुरचुरतंय. अशा वेळी बाईला मिळणारे सल्ले बहुधा कुजबुजत दिलेले असतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ नसतो. कुणी दही लावायला सांगतं, कुणी व्हिनेगरच्या पाण्याने आतून धुवायला, तर कुणी लसणाची पाकळी आत ठेवायला. 'नैसर्गिकच आहे, अपाय तर नाही ना' हे शेपूट सगळ्यांनाच जोडलेलं. या उपायांकडे वळण्याआधी निसर्गाने तिथे मुळात काय व्यवस्था लावून ठेवली आहे ते पाहू, कारण यातले काही उपाय नेमकी तीच विस्कटतात.

प्रजननक्षम वयात योनीमार्ग चांगलाच आंबट असतो. त्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण 3.8 ते 4.5 असतो, तर रक्ताचा 7.4 च्या आसपास. सामूच्या मोजपट्टीवर एकेका अंकाला दहापटीचा फरक पडतो, म्हणजे 4 आणि 7 यांच्या आम्लतेत हजारपटीचं अंतर आहे. हे आम्ल तयार करतात लॅक्टोबॅसिलस गटातले जिवाणू. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी 1892 साली त्यांचं वर्णन केलं. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली योनीच्या अस्तरातल्या पेशी ग्लायकोजेन, म्हणजे साखरेपासून बनलेला साठा, जमवतात. पेशी झडल्या की ते बाहेर पडतं, विकरं (एन्झाइम्स) त्याचे बारीक तुकडे करतात आणि हे जिवाणू त्या तुकड्यांवर जगून लॅक्टिक आम्ल सोडतात. या आम्लात बऱ्याच रोगजंतूंचं काही चालत नाही. रोजचा थोडाफार पारदर्शक किंवा पांढुरका, वास नसलेला स्राव हा याच कारभाराचा भाग. पाळीच्या चक्रानुसार तो कमी-जास्त, पातळ-घट्ट होतो आणि त्यावर कसलाही उपाय करायचा नसतो.

अर्थात सगळ्याजणींचा साचा एकच नसतो. 2011 साली जॅक रॅव्हेल आणि सहकाऱ्यांनी कुठलीही तक्रार नसलेल्या 396 अमेरिकी महिलांच्या योनीतले जिवाणू तपासले. त्यांचे पाच गट पडले. चार गटांत कोणता ना कोणता लॅक्टोबॅसिलस वरचढ होता. पाचव्यात मात्र भलत्याच जिवाणूंची सरमिसळ होती आणि तरीही त्या महिलांना काहीच त्रास नव्हता. त्यामुळे 'तुमचं फ्लोरा बॅलन्स', म्हणजे जिवाणूंचा समतोल, 'बिघडलंय' असं सांगून काही विकणाऱ्यांपासून जरा जपूनच राहावं.

आता बिघाडाकडे. नेहमी दिसणारे संसर्ग तीन, आणि तिघांचीही जातकुळी वेगळी. पहिला बॅक्टेरियल व्हजायनोसिस. यात बाहेरून एखादा जंतू चाल करून येतो असं सहसा नसतं. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, गार्डनेरेला आणि त्याच्या जोडीचे इतर जिवाणू माजतात, सामू 4.5 च्या वर जातो. स्राव पातळ, करडा-पांढरा आणि त्याला मासळीसारखा वास. संभोगानंतर वास वाढतो, कारण वीर्य अल्कधर्मी असतं आणि त्याने दुर्गंधी अमाइन्स मोकळी होतात. दुसरा कँडिडा, म्हणजे यीस्ट किंवा बुरशी. प्रचंड खाज, लाली, जळजळ आणि फुटलेल्या दुधासारखा घट्ट स्राव, पण वास फारसा नाही. अँटिबायोटिक्सचा कोर्स, गरोदरपण, आटोक्यात नसलेला मधुमेह ही त्याची नेहमीची निमित्तं. तिसरा ट्रायकोमोनास, हा लैंगिक संबंधातून पसरणारा एकपेशीय परजीवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली जगात त्याच्या 15.6 कोटी नव्या लागणी झाल्या. त्यावर कुठलाही घरगुती उपाय चालत नाही. जोडीदारासकट दोघांनी औषध घ्यावं लागतं, नाहीतर तो इकडून तिकडे फिरत राहतो.

सगळं घोडं अडतं ते ओळखण्यापाशी. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच निदान करून दुकानातून बुरशीचं औषध घेणाऱ्या 95 महिलांची तपासणी केली गेली. खरोखर फक्त बुरशीचाच संसर्ग होता तो जेमतेम एक तृतीयांश जणींना. बाकीच्यांना दुसरा संसर्ग, मिश्र संसर्ग किंवा मुळात संसर्गच नव्हता. डॉक्टरांना मात्र स्रावाचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली आणि सामूची एक पट्टी एवढ्यावर बराच उलगडा होतो.

हे लक्षात ठेवून घरगुती उपाय पाहिले की त्यांतली विसंगती दिसते. व्हिनेगरचंच घ्या. आम्ल कमी झालंय तर आम्ल घालू, हा तर्क ऐकायला बिनतोड. पण बुरशीच्या संसर्गात सामू बहुतेक वेळा नेहमीसारखाच असतो. कँडिडा त्या आंबट वातावरणात मजेत राहते, त्यामुळे तिथे व्हिनेगरला कामच नाही. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये आम्ल खरंच कमी असतं, पण गार्डनेरेला अस्तरावर चिकट थर करून बसतो आणि थोडा वेळ आम्ल ओतल्याने तो थर उठत नाही. ब्रिटनमध्ये 500 हून अधिक महिलांवर झालेल्या एका चाचणीत औषध म्हणून तयार केलेलं लॅक्टिक आम्लाचं जेल आणि मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकच्या गोळ्या यांची थेट तुलना झाली. दोन आठवड्यांनी गोळ्यांच्या गटात 70 टक्के जणींची लक्षणं गेली होती, जेलच्या गटात 47 टक्के. म्हणजे नैसर्गिक मार्ग अगदीच कुचकामी नाही, पण कमी पडतो. हा निकाल प्रमाणित जेलचा आहे, घरी अंदाजाने केलेल्या व्हिनेगरच्या पाण्याचा नव्हे. शिवाय आतून पाणी मारून धुण्याचा, म्हणजे डूशिंगचा, संबंध बॅक्टेरियल व्हजायनोसिस आणि गर्भाशय-नलिकांच्या संसर्गाशी अनेक अभ्यासांत दिसला आहे. चांगले जिवाणूच वाहून जातात, मग आणखी काय होणार!

लसणातलं ॲलिसिन प्रयोगशाळेत बुरशी मारतं, हे खरं. पण काचेच्या बशीला आग होत नाही, योनीच्या नाजूक अस्तराला होते. सोललेला लसूण त्वचेवर बराच वेळ बांधून ठेवल्याने रासायनिक भाजल्याच्या जखमा झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. टी ट्री तेलाचं तेच: प्रयोगशाळेत दमदार, अंगावर ॲलर्जी आणि जळजळीची भीती.

दह्याची कथा जास्त रंजक आहे, कारण कल्पना योग्य आणि जिवाणू चुकीचे. विरजणातले जिवाणू दुधात वाढायला सरावलेले. योनीत वस्तीला असतात ते लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस, जेन्सेनी, गॅसेरी, इनर्स, म्हणजे दूरचे भाऊबंद. दह्यातले जिवाणू तिथे मुक्काम करतात असा भक्कम पुरावा नाही. दही खाण्याला अर्थातच कुणाची हरकत नाही. ऑस्ट्रेलियात 2004 साली झालेल्या चाचणीत अँटिबायोटिक घेणाऱ्या महिलांना तोंडावाटे आणि योनीमार्गातून प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू, देऊन पाहिलं, पण बुरशीचा त्रास टळला नाही. मग योग्य जिवाणू वापरला तर? 2020 साली 228 महिलांवरच्या एका अमेरिकी चाचणीत, आधी मेट्रोनिडॅझोल जेल देऊन नंतर क्रिस्पॅटसची एक निवडक जात योनीत सोडली. बारा आठवड्यांत बॅक्टेरियल व्हजायनोसिस उलटण्याचं प्रमाण क्रिस्पॅटसऐवजी नकली औषध दिलेल्या गटात 45 टक्के होतं, क्रिस्पॅटसच्या गटात 30. माझ्या मते 'नैसर्गिक उपचार' म्हणवून घेण्याचा खरा हक्क याचा आहे, आणि तोही अँटिबायोटिकच्या पाठोपाठच चालला, त्याच्या ऐवजी नाही.

बोरिक ॲसिडचाही इंटरनेटवर बराच बोलबाला आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या बुरशीवर डॉक्टर 600 मिलिग्रॅमच्या योनीत ठेवायच्या कॅप्सूल देतात, त्यामुळे उपाय खोटा नाही. पण तोंडावाटे गेलं तर ते विष आहे आणि गरोदरपणात वर्ज्य.

टाळण्यासाठी करायच्या गोष्टी मामुली आहेत. आतून काहीही धुवायचं नाही, बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुरतो. सुगंधी वॉश, स्प्रे, पावडर नको. शौचानंतर पुढून मागे पुसायचं, घामेजलेले किंवा ओले कपडे लवकर बदलायचे. सुती अंतर्वस्त्रांचा पुरावा तितकासा भक्कम नाही, पण त्यात तोटाही नाही. निरोध वापरल्याने ट्रायकोमोनासचा धोका कमी होतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवणं हा बुरशीवरचा सगळ्यात मोठा 'नैसर्गिक' उपाय. अँटिबायोटिक विनाकारण न घेणं हा दुसरा.

गरोदर असताना, ताप किंवा ओटीपोटात दुखत असताना, स्रावात रक्त किंवा त्या भागावर फोड दिसत असताना घरी प्रयोग करत बसू नये. रजोनिवृत्तीनंतरची कोरडी आग तर अनेकदा संसर्ग नसतेच. इस्ट्रोजेन ओसरतं, ग्लायकोजेन घटतं, सामू वर चढतो, आणि तिथे बुरशीचं मलम लावून उपयोग नसतो. त्याचा इलाज वेगळा.

राहता राहिलं पुन्हा पुन्हा होणारं बॅक्टेरियल व्हजायनोसिस. औषधाने बरं झाल्यावर वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना ते परत होतं आणि दोष बाईच्या स्वच्छतेवर ढकलला जातो. ऑस्ट्रेलियातल्या 164 जोडप्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2025 साली प्रसिद्ध झाले. त्यात काही जोडप्यांतल्या पुरुषालाही आठवडाभर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणि शिश्नावर लावायचं क्लिंडामायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचं मलम दिलं होतं. फक्त बाईला औषध दिलं तेव्हा बारा आठवड्यांत 63 टक्के जणींना त्रास उलटला, दोघांना दिलं तेव्हा 35 टक्के. फरक इतका उघड होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली. तेव्हा हा त्रास वारंवार होत असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे एकटीने जायचं कारण नाही.