ब्रइला की गालात्स? डॅन्यूबवरच्या दोन शेजारणी

रोमानियातल्या या दोन शहरांत जेमतेम वीस किलोमीटरचं अंतर. दोन्ही डॅन्यूबच्या डाव्या काठावर, दोन्ही धान्याची जुनी बंदरं, आणि समुद्रातली जहाजं दोन्हीपर्यंत येतात. त्यामुळे एकीचा इतिहास दुसरीच्या नावावर सर्रास खपतो. पण दोघींच्या मधे सिरेत नदी डॅन्यूबला मिळते आणि एकेकाळी तीच सरहद्द होती. ब्रइला वालाकियाचं बंदर, गालात्स मोल्दावियाचं; ही तेव्हाची दोन वेगळी संस्थानं, पुढे एक होऊन रोमानिया झाली.

त्यातही ब्रइला १५४० च्या सुमारास तुर्कांकडे गेलं, ते परत मिळालं थेट १८२९ च्या रशिया-तुर्कस्तानमधल्या अद्रियानोपलच्या तहाने. तुर्की किल्ला पाडून शहराची नव्याने आखणी झाली. आजही मोठे रस्ते नदीकाठी सुरू होतात, अर्धवर्तुळाकार वळसा घेतात आणि पुन्हा नदीकाठीच संपतात. वाट चुकलात तर रस्ता सोडू नका, कुठल्याही टोकाला डॅन्यूबच लागेल. गालात्सला असला साचा नाही.

त्याच तहाने काळ्या समुद्राचा व्यापार खुला झाला आणि दोघींचं नशीब एकदम फळफळलं. ब्रइला १८३६ मध्ये करमुक्त बंदर झालं, गालात्स पुढच्याच वर्षी. ही सवलत १८८३ पर्यंत टिकली. गोंधळाचं मूळ बहुधा या काळात आहे, कारण गहू, दलाल आणि ग्रीक व्यापारी दोन्हीकडे सारखेच. तरी ग्रीकांचा ठसा ब्रइलात जास्त ठळक. त्यांचं भलंमोठं चर्च अजून उभं आहे. बल्गेरियन निर्वासितांनी १८६९ मध्ये साहित्य संस्था काढली तीही ब्रइलातच, आणि आजची बल्गेरियाची विज्ञान अकादमी तिचीच वारस.

गालात्सचा तोरा वेगळा, सरकारी. १८५६ च्या पॅरिस तहाने नेमलेल्या युरोपीय डॅन्यूब आयोगाचं, म्हणजे नदीच्या मुखाकडची जहाजवाहतूक सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं, ठाणं तिथे होतं. दोन्ही संस्थानांनी १८५९ मध्ये राजा म्हणून निवडलेला अलेक्झांड्रू योआन कुझा त्याआधी याच शहराचा कारभारी होता.

पुढे धान्याचा व्यापार काळ्या समुद्रावरच्या कॉन्स्टान्त्सा बंदराकडे सरकला. १८९५ मध्ये डॅन्यूबवर चेर्नावोदाचा रेल्वेपूल झाल्यावर गहू थेट समुद्रावर जाऊ लागला. ब्रइला तिथेच जरा थबकलं, आणि माझ्या मते त्यामुळेच वाचलं. गालात्सचं जुनं गाव १९४४ मध्ये बेचिराख झालं, नंतर सिमेंटच्या चाळवजा इमारती आल्या, आणि १९६० च्या दशकात प्रचंड पोलाद कारखाना. २००१ मध्ये तो लक्ष्मी मित्तलांच्या कंपनीने घेतला, म्हणून भारतीय वाचकाच्या कानावर पडलेलं नाव बहुतेक गालात्सचंच असतं. वस्तीही तिथे जास्त, दोन लाखांवर. ब्रइला दीड लाखाच्या आसपास.

जुन्या गल्ल्या पायी पालथ्या घालायच्या असतील तर ब्रइलाच. आणि जुलै २०२३ मध्ये खुला झालेला, ११२० मीटर मुख्य गाळ्याचा झुलता पूल बघायचा असेल तर तोही ब्रइलाजवळचा. गालात्सला उतरून शोधू नका.